शिदोरी कोठे ठेवली?

गेल्या स्नेहसंमेलनाच्या वेळची गोष्ट. आमच्या काही विद्यार्थ्यांनी जावा भाषेत एक लहानशी आज्ञावली रचली होती. घरोघरच्या आज्यांकडून कोकणी शब्द गोळा करावेत, त्यांपुढे मराठी प्रतिशब्द मांडावेत, आणि संगणकाने एकेक शब्द विचारून खेळणाऱ्याची परीक्षा घ्यावी, अशी ती योजना. ‘उदक’ म्हणजे पाणी, ‘नुस्तें’ म्हणजे मासळी, अशी शब्दसूची मुलांनी मोठ्या हौसेने जमविली. वर्गातील संगणकावर खेळ उत्तम चालला. संमेलनाच्या दिवशी मात्र सभागृहातील संगणकावर तो सुरू करताच ‘फाइल सापडत नाही’ एवढाच निरोप आला. समोर आज्या कौतुकाने बसलेल्या, आणि मुलांचे चेहरे उतरलेले! सूची आणावयास आपण विसरलो, असे मुलांना वाटले. वस्तुतः ती त्यांच्यासोबतच होती. मग ती सापडली का नाही?

जावा भाषा १९९५ साली प्रसिद्ध झाली. तीत लिहिलेल्या आज्ञावलीची बांधणी करण्यासाठी मेव्हन नावाचे एक साधन वापरतात. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ साली निघाली. मेव्हनच्या शिरस्त्याप्रमाणे शब्दसूची, चित्रे इत्यादी साहित्य ‘एसआरसी’मधील ‘मेन’मधील ‘रिसोर्सेस’ या फोल्डरात ठेवावयाचे असते. बांधणीच्या वेळी मेव्हन ते साहित्य ‘टार्गेट’मधील ‘क्लासेस’ या फोल्डरात उतरवून घेतो, आणि शेवटी सर्व काही एका जार-फाइलीत बांधतो. जार म्हणजे झिपच्या पद्धतीने बांधलेले गाठोडेच होय. प्रवासास निघते ते हे गाठोडे. मूळ फोल्डर मागेच राहतात.

आमच्या मुलांनी सूचीचा पत्ता त्या मूळ फोल्डरांवरून लिहिला होता. असा पत्ता, आज्ञावली ज्या फोल्डरातून सुरू केली असेल तेथून मोजला जातो. ‘देवळामागचे घर’ हा पत्ता आपल्या वाड्यात पुरेसा असतो. परगावी तो सांगून काय उपयोग? वर्गातील संगणकावर ते फोल्डर जागच्या जागी होते, म्हणून चूक झाकली गेली. सभागृहात ती उघडी पडली.

यावर उपाय सोपा आहे. शिदोरी ज्याच्या खांद्यावर आहे त्यालाच ती मागावी. जावामध्ये क्लास आणि त्यांच्यासोबतचे साहित्य शोधून देणारा क्लासलोडर असतो. ‘गेट रिसोर्स अ‍ॅज स्ट्रीम’ या आज्ञेने त्याच्याकडे सूची मागितली, की ती फोल्डरात असो वा जारमध्ये, हाती येते. मात्र काही पथ्ये पाळावी लागतात. पत्त्यातून ‘रिसोर्सेस’पर्यंतचा सर्व भाग गाळावा, कारण गाठोड्यात तो नसतो. ही आज्ञा क्लासमार्फत दिल्यास पत्त्याच्या आरंभी तिरपी रेघ द्यावी, नाहीतर शोध त्या क्लासच्या पॅकेजपासून सुरू होतो; थेट क्लासलोडरला दिल्यास ती रेघ देऊ नये. रोमन लिपीतील मोठ्या व लहान अक्षरांची अदलाबदल विंडोजच्या फोल्डरात बहुधा खपते, जारमध्ये खपत नाही. सूची न मिळाल्यास ‘नल’, म्हणजे रिकामे उत्तर येते. ते तपासूनच पुढे जावे. जारमधील सूची ही डिस्कवरील स्वतंत्र फाइल नव्हे, म्हणून ती प्रवाहरूपानेच वाचावी, आणि देवनागरी अक्षरे बिघडू नयेत यासाठी यूटीएफ-८ हा संकेत स्पष्ट सांगावा. खेळणाऱ्यांचे गुण लिहून ठेवावयाचे असल्यास ते जारबाहेरील फाइलीत लिहावेत.

एवढी दुरुस्ती करण्यास मुलांना एक संध्याकाळ पुरली. नंतर त्यांनी एकटी जार-फाइल दुसऱ्याच फोल्डरात नेली, मूळ फोल्डरांची नावे बदलून टाकली, आणि मग खेळ सुरू करून पाहिला. ही परीक्षा संमेलनापूर्वीच घ्यावयास हवी होती. ती घ्यावयास न सांगणे ही आमची चूक, मुलांची नव्हे. पुढच्या आठवड्यात आज्यांना पुन्हा बोलावले. पडद्यावर पहिलाच शब्द उमटला, ‘उदक’. आणि उत्तर मुलांच्या आधी आज्यांनीच दिले.