सूर्य गेला कुठे?

एक गंमत करायची? घरातल्या मोठ्या माणसांच्या फोनवर क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचं ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ हे चित्र शोधा. ल हाव्र बंदरातली धुकट सकाळ. निळसर-करडं आकाश, नारिंगी सूर्य, पाण्यात त्याची हलती रेघ आणि पुढे एक काळपट होडी. खाली डाव्या कोपऱ्यात मोनेची सही आणि ७२, म्हणजे १८७२, असं सालही आहे. आता हे चित्र ब्लॅक अँड व्हाइट करून बघा.

सूर्य जवळजवळ गायब! होडी मात्र जागच्या जागी.

हे कसं झालं? खरा सूर्य आकाशापेक्षा कितीतरी पट तेजस्वी असतो. पण रंगाच्या ट्यूबमध्ये उजेड थोडाच भरलेला असतो? मोनेने मग त्या भानगडीत न पडता सूर्य आजूबाजूच्या आकाशाइतकाच उजळ ठेवला. फरक केला तो फक्त रंगात. रंग काढून घेतले, की सूर्य दिसायला काही उरतच नाही.

खरी मजा पुढे आहे. आपल्या मेंदूचा एक भाग फक्त उजळ-गडद बघून वस्तू कुठे आहे, हलतेय का, हे ठरवतो. रंगांशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. रंग ओळखतो दुसराच भाग. तो म्हणतो, “हा काय सूर्य!” पहिला म्हणतो, “कुठाय?” म्हणून तो सूर्य एका जागी ठरत नाही, थरथरल्यासारखा वाटतो. हा उलगडा केला मार्गारेट लिव्हिंगस्टन या मेंदूशास्त्रज्ञ बाईंनी. मोनेच्या वेळी हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्याने नुसतं डोळे भरून पाहिलं होतं!

चित्रात मागे दिसणारी जहाजं पुसट का, तेही सांगते. धुक्यातले पाण्याचे बारीक थेंब उजेड इकडेतिकडे उधळतात. वस्तू जितकी लांब, तितकं मध्ये धुकं जास्त.

१८७४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात काहींनी या चित्राला अर्धवट म्हणून हिणवलं. मला तर ते पूर्ण वाटतं, हवेसकट!

आता तुमची पाळी. करड्या आकाशावर नारिंगी सूर्य रंगवा आणि ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. सूर्य गडद दिसला तर नारिंगीत थोडा पांढरा मिसळा, उजळ दिसला तर आकाश फिकं करा. तो गायब होईपर्यंत सोडू नका!