टाके सुकले, तरी फाईल जपून ठेवा

नवजात बाळाच्या माकडहाडापाशी गाठ दिसली की घरातल्या मोठ्यांना आधी ग्रहण आठवतं. आईनं विळी हातात धरली, म्हणून बाळाला ‘शेपूट’ आलं! असं फक्त कर्जतच्या वाड्यांवरच बोलतात असं नाही, खोपोलीच्या सोसायट्यांतही बोलतात. ग्रहणाचा याच्याशी काडीचा संबंध नाही. गर्भ अगदी लहान असताना ज्या पेशींतून शरीराचा कुठलाही भाग घडू शकतो, त्यातल्या काही माकडहाडापाशी रेंगाळतात आणि तिथेच वाढतात. म्हणून अशा गाठीत केस, कूर्चा, कधी दातही सापडतो. डॉक्टर तिला टेराटोमा म्हणतात. साधारण ३५ ते ४० हजार जन्मांमागे असं एखादं बाळ असतं, आणि मुलींत हे प्रमाण मुलांच्या तिप्पट-चौपट.

गाठ म्हणजे कॅन्सरच, हेही खरं नाही. जन्मतः दिसणाऱ्या बहुतेक गाठी साध्या असतात. पण ‘बाळ जरा बाळसं धरू दे, मग बघू’ हा सल्ला मात्र घातक. दोन महिन्यांनंतर गाठीत कॅन्सर सापडण्याचा धोका वाढत जातो. शिवाय काही गाठी बाहेर दिसतच नाहीत, ओटीपोटात लपलेल्या असतात. शी कुंथून होते, लघवी तुंबते, एवढीच खूण. त्यामुळे तान्ह्याची बद्धकोष्ठता हटत नसेल तर नुसत्या घुटीवर भागवू नये.

ऑपरेशनची वेळ आली की ‘माकडहाड काढलं तर पोर बसणार कसं?’ हा प्रश्न आजी हमखास विचारते. बसतं, रांगतं, धावतं. ते हाड ठेवलं तर गाठ पुन्हा उगवण्याची शक्यता फार वाढते, म्हणून सर्जन ते गाठीबरोबरच काढतात.

सर्वांत जास्त घबराट होते ती गाठीवर नजर ठेवण्यासाठी करायच्या एएफपी या रक्ततपासणीनं. रिपोर्टवर हजारांतला आकडा, शेजारी छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा दहाच्या आसपास, बाप हबकणारच. पण ती मर्यादा मोठ्या माणसांची. एएफपी हे प्रथिन बाळाच्या यकृतात मुळातच भरपूर बनतं, जन्मावेळी निरोगी बाळातही ते हजारोंत असतं आणि उतरायला आठ महिने ते वर्ष लागतं. एकट्या आकड्याला अर्थ नाही, तो उतरतोय ना हे पाहायचं. उतरता आकडा उलटा चढू लागला तर मात्र ताबडतोब डॉक्टर गाठायचे.

म्हणूनच टाके सुकले की सुटलो, असं होत नाही. साधारण दर तीन महिन्यांनी, निदान तीन वर्षं तपासणी लागते. रक्त, गुदद्वारातून बोटानं तपासणी, गरजेनुसार सोनोग्राफी. शी-लघवीवरचा ताबा तर शाळेच्या वयापर्यंत पाहावा लागतो. परळचं वाडिया किंवा टाटा रुग्णालय गाठायचं म्हणजे कर्जतहून लोकलनं दोन तास, रोजंदारीही बुडते. पोर खेळतंय म्हटल्यावर दुसरी-तिसरी फेरी टळते ती इथेच, आणि त्याला अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही. रक्त जवळ कुठे देता येईल, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणाऱ्या बालआरोग्य पथकालाही फाईल दाखवावी. डिस्चार्ज कार्डावर माकडहाड काढल्याची नोंद, गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट आणि ऑपरेशनआधीचा एएफपी या तीन गोष्टी असल्याशिवाय वॉर्ड सोडू नये.