देवघेवीच्या टेबलावरचा पेन ड्राइव्ह

वाचनालयातून पुस्तक बाहेर गेले की कपाटात तेवढी फट पडते आणि पुढच्या वर्गणीदाराला थांबावे लागते. सॉफ्टवेअर शंभर जणांनी नेले तरी मूळ प्रत जागच्या जागीच असते. मग वाचनालयांनी ते सभासदांना का देऊ नये? असे विचारले की ग्रंथपाल आधी कायद्याचे नाव काढतात.

विकतच्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत त्यांची भीती खरीच आहे. ‘क्रॅक’ केलेली प्रत कुणीही संगणकात टाकून देतो, पण ती बेकायदा आहे हे ठाऊक असून वापरणाऱ्यालाही १९५७च्या कॉपीराइट कायद्यात तुरुंगवासाची आणि दंडाची तरतूद आहे. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा परवाना नेमका उलट बोलतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये ‘जीपीएल’ हा परवाना आला. वापरा, उघडून पाहा, बदला, प्रती वाटा, एवढे सगळे त्यात लेखी दिलेले आहे. जशाच्या तशा प्रती वाटताना अट एवढीच की परवान्याचा मजकूर सोबत ठेवायचा आणि मूळ कोड मिळण्याची सोय करायची. फुकट आणि मुक्त यांतला फरकही इथेच आहे. व्हॉट्सअ‍ॅप फुकट मिळते, म्हणून ते मुक्त होत नाही.

असे मुक्त सॉफ्टवेअर वाचनालयाने पेन ड्राइव्हवर घालून सभासदांना द्यावे. त्यावर ठेवण्यासारखे पुष्कळ आहे. अर्ज आणि हिशेबासाठी लिबरऑफिस, त्याचे मेनूही मराठीत करून घेता येतात. व्हिडिओसाठी व्हीएलसी, आवाजाच्या संकलनासाठी ऑडॅसिटी, लहान मुलांसाठी जीकॉम्प्रिस. किविक्स असेल तर इंटरनेट नसतानाही मराठी विकिपीडिया वाचता येतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने घडवलेला ‘मुक्ता’ हा देवनागरी फॉन्टही विसरू नये. मंडळाची पत्रिका करणाऱ्याला त्याचाच उपयोग जास्त.

आता कुणी म्हणेल, हे सगळे इंटरनेटवर पडलेच आहे. पडले आहे, पण कशाच्या शेजारी? नाव टाकून शोधले की कधी कधी वरचा दुवा जाहिरातीचा निघतो. त्यावर नको ती भर घातलेली प्रत मिळते आणि एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या संगणकावर चार अनोळखी खिडक्या उघडू लागतात. चांगले पुस्तक निवडणे हे ग्रंथपालाचे मूळ काम, आणि इथेही तेच करायचे आहे. मूळ प्रकल्पाच्या संकेतस्थळावरूनच फाइल घ्यायची, ‘चेकसम’ जुळवून ती वाटेत बदललेली नाही याची खात्री करायची, सोबत मराठीत पानभर माहिती ठेवायची. दर तीन-चार महिन्यांनी जुन्या आवृत्त्या काढायच्या, कारण जुन्या आवृत्तीत सुरक्षेची भोके राहिलेली असतात. घरोघरी फिरून आलेला पेन ड्राइव्ह व्हायरस घेऊन येऊ शकतो, म्हणून तो परत आला की पुसून नव्याने भरायचा. कंटाळवाणे काम आहे खरे, पण पुस्तकांना वाळवी लागू नये म्हणून कपाटे झाडणे तरी कुठे मजेचे असते!

वाचनालये आणि मुक्त सॉफ्टवेअर यांचे नाते तसे जुनेच. न्यूझीलंडमधल्या होरोफेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी संगणक प्रणाली सन २००० उजाडताच बंद पडणार होती. नवी महागडी प्रणाली घेण्याऐवजी त्यांनी स्वतःची लिहून घेतली, जानेवारी २००० मध्ये सुरू केली आणि सगळ्यांसाठी खुली केली. तिचे नाव ‘कोहा’. माओरी भाषेत त्याचा अर्थ भेट. आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयीन ग्रंथालयांत आज पुस्तकांची देवघेव याच कोहावर चालते.

सभासदांना याची गरजही आता वाढली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ न चालणारे, पण एरवी धडधाकट असलेले संगणक घरोघरी आहेत. त्यांतल्या बहुतेकांवर लिनक्स मिंट ही मुक्त प्रणाली चालू शकते, आणि ती आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. तुमच्या वाचनालयाच्या पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय मांडा. सुरुवातीचा खर्च दोन पेन ड्राइव्हचा आहे.