घोड्याची मान आणि स्वाराचा हात

'चोर जेरबंद झाला', 'बिबट्या जेरबंद झाला' असे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. हा शब्द मूळचा पागेतला. फारसीत 'जेर' म्हणजे खाली. घोड्याने मान उडवू नये म्हणून लगामाकडून निघून पुढच्या दोन पायांमधून तंगाला बांधलेला चामडी पट्टा, तो जेरबंद. मान खाली बांधली की जनावर हाती आले, अशी समजूत या शब्दात दडलेली आहे. ती कितपत खरी, हे आम्ही येथे पाहणार आहोत.

बीड जिल्ह्यात घोड्याची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. याच जिल्ह्यात गोदाकाठी राक्षसभुवनला १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठ्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला, तो काळ घोडदळाचा होता. आज घोडा दिसतो तो मुख्यत्वे वरातीत, नाहीतर नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या यात्रेत. वरातीतल्या घोडीची मान पुष्कळदा आखूड बांधलेली असते. ती कमानदार मान पाहून आपण 'काय डौल आहे!' म्हणतो. पण डौल दोन प्रकारचा असतो, एक बांधून आणलेला आणि दुसरा कमावलेला.

यातील फरक कळण्यासाठी घोड्याचे शरीर समजून घेतले पाहिजे. उभ्या घोड्याच्या वजनाचे शंभरातले सुमारे ६० भाग पुढच्या पायांवर असतात. त्याला गळपट्टीचे हाड नसते. त्याचे धड दोन खांद्यांमध्ये केवळ स्नायूंच्या झोळीत टांगलेले असते. त्यात स्वार बसला की पाठ खचू पाहते. ती सावरण्याचा उपाय निसर्गानेच दिलेला आहे. मागचे पाय पोटाखाली पुढवर पडले, पोटाचे स्नायू आवळले गेले आणि मान पुढे लांबली, म्हणजे माथ्यापासून पाठीपर्यंत गेलेला जाड बंध ताणला जातो व पाठ वर उचलली जाते. मग मान आपोआप कमानदार होते. डौलाची सुरुवात पुठ्ठ्यापासून होते आणि मान सर्वांत शेवटी येते. केवळ लगाम ओढून मान वाकवली, तर पाठ खचलेलीच राहते आणि मागचे पाय फरफटत येतात.

म्हणून शिक्षणाचा क्रमही तसाच असावा. तीन-चार वर्षांच्या घोड्याला प्रथम लांब दोरीवर मोठ्या वर्तुळात फिरवावे. यालाच कावा म्हणत. दोन्ही बाजूंना सारखे आणि थोडाच वेळ फिरवावे. पुढे मांड टाकल्यावर स्वाराने आधी पायाने पुढे चालण्याची सूचना द्यावी, मगच हाताने लगामाचा हलका, अखंड स्पर्श ठेवावा. घोड्याने जबडा सैल करून थोडे ऐकले, की त्याच क्षणी हात नरम करावा. ही नरमाई हेच त्याचे बक्षीस, आणि त्यातूनच तो शिकतो. ऐकल्यावरही ओढ कायम राहिली, तर ऐकण्यात काही लाभ नाही एवढेच त्याला कळते. संघटनेच्या कामात आयुष्य घालवलेल्या आम्हांला हे पटायला ग्रंथ लागला नाही. काम वाढवूनही मुकादमाची सक्ती सुटत नाही, हे कळल्यावर माणूसही असाच आतून आखडतो.

मधून मधून लगाम सैल सोडून घोड्याला मान खाली लांबवू द्यावी. कसोटीही हीच आहे. चार पावले लगाम सैल सोडावा. घोडा शांतपणे पुढे-खाली मान लांबवत चालला, तर शिक्षण बरोबर. त्याने मान झटकून वर नेली, तर आतापर्यंतचा डौल केवळ हाताच्या जोराचा होता. दोन कानांमधला माथा सर्वांत उंच, नाकाची रेषा उभ्या रेषेच्या किंचित पुढे, तोंड शांत व ओलसर, शेपटी सैल झुलणारी, ही चांगली लक्षणे होत. हनुवटी छातीला टेकली असेल, तर ते बिघडल्याचे लक्षण.

हा विचार नवा नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीक सेनानीने अश्वारोहणावर ग्रंथ लिहिला, त्यात सक्तीचा निषेधच आहे. तरीही मान छातीपर्यंत ओढण्याची रीत विसाव्या शतकाच्या अखेरीस बड्या स्पर्धांतही शिरली होती. अखेर २०१० साली आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने जबरदस्तीने मान अशी वाकवणे अमान्य ठरवले. आपल्या देशालाही ही विद्या परकी राहिलेली नाही. २०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत, घोड्याच्या याच शिस्तबद्ध चालीच्या सांघिक प्रकारात भारताने सुवर्णपदक मिळवले. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता.

वरातीच्या घोडीला अशा स्पर्धेत जायचे नसते, हे आम्ही जाणतो. तिच्या मालकाचे पोट तिच्यावर असते, आणि खचलेल्या पाठीची घोडी त्याला फार दिवस पोसणार नाही. यजमानाने दोन गोष्टी तरी कराव्यात. घोडी ठरवतानाच मानेचा पट्टा सैल ठेवायला सांगावा, आणि नाचवण्याचा आग्रह धरू नये. पुढच्या वरातीत आपली नजर घोडीच्या मानेवर जाईलच. ती तेथून पाठीवर आणि मागच्या पायांवरही न्यावी, एवढीच आमची विनंती आहे.