लोणार विवरविषयक संज्ञा : अर्थ व उच्चार

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथील खाऱ्या पाण्याचे सरोवर बेसाल्ट खडकातील वर्तुळाकार विवरात आहे. विवराचा व्यास सु. १.८ किमी. व खोली सु. १५० मी. आहे. त्याविषयीच्या शास्त्रीय लेखनात ग्रीक, इटालियन, अरबी इ. भाषांतून इंग्रजीत आलेल्या अनेक संज्ञा आढळतात. त्यांचा उच्चार स्पेलिंगवरून सहज कळत नाही आणि ओळखीचा इंग्रजी अर्थ लावल्यास आशयाचा विपर्यास होतो. संज्ञेचे मूळ ठाऊक असल्यास या अडचणी बऱ्याच अंशी दूर होतात.

‘दक्षिण ट्रॅप’ या खडकसमूहाच्या नावातील ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे. पायरी वा जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दापासून ते आले आहे. लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेल्या डोंगरांच्या उतारांना पायऱ्यांसारखा आकार येतो, त्यावरून ही संज्ञा रूढ झाली. बेसाल्टचा इंग्रजी उच्चार ‘बॅसॉल्ट’ असा आहे. मराठीत मात्र बेसाल्ट हेच रूप स्थिरावले असून ते बदलण्याचे कारण नाही.

‘क्रेटर’ हा शब्द मद्य व पाणी मिसळण्याच्या ग्रीक पात्राच्या नावावरून आला. तो केवळ आकार दर्शवितो, उत्पत्ती नव्हे. मराठीत त्यासाठी ‘ज्वालामुखीचे मुख’ असा पर्याय योजल्यास उत्पत्तीविषयीचा निर्णय आधीच गृहीत धरला जातो. ‘विवर’ हा शब्द त्या दोषापासून मुक्त आहे. लोणारच्या बाबतीत हा भेद महत्त्वाचा ठरला, कारण भोवती सर्वत्र लाव्हाजन्य खडक असल्याने हे विवर ज्वालामुखीजन्य असल्याचे मत दीर्घकाळ प्रचलित होते.

हे मत मागे पडण्यास ‘मॅस्केलिनाइट’ हा पदार्थ कारणीभूत झाला. ब्रिटिश खनिजवैज्ञानिक नेव्हिल स्टोरी मॅस्केलिन यांच्या आडनावावरून १८७२ मध्ये त्याला हे नाव मिळाले. नावाच्या अखेरचा ‘आइट’ हा प्रत्यय खनिजे, खडक व अशनी यांच्या नावांत नेहमी आढळतो. बिहारमधील शेरघाटी येथे १८६५ मध्ये पडलेल्या अशनीत हा पदार्थ प्रथम ओळखला गेला. प्लॅजिओक्लेज या खनिजावर आघाताचा प्रचंड दाब पडून त्याची स्फटिकी रचना मोडली की हा काचरूप पदार्थ बनतो. ज्वालामुखीच्या उद्रेकात असा दाब निर्माण होत नाही. लोणारच्या तळातील ‘ब्रेचिआ’मध्ये मॅस्केलिनाइट असल्याचे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आघाताच्या उपपत्तीला भक्कम आधार मिळाला. ब्रेचिआ (पर्यायी उच्चार ब्रेशिआ) हा मूळ इटालियन शब्द असून तीक्ष्ण कोनांचे तुकडे सांधून झालेल्या खडकास तो लावतात. मराठीत त्यास कोणाश्म म्हणतात.

आकाशात जळताना दिसते ती उल्का (मीटिऑर) आणि जमिनीपर्यंत पोहोचतो तो अशनी (मीटिओराइट). दोन्हींचे मूळ ‘उंचावरील वस्तू’ या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. म्हणूनच ‘मीटिऑरॉलॉजी’ हे उल्कांचे नव्हे, तर हवामानाचे शास्त्र होय.

पाण्याविषयीही असाच घोटाळा होतो. मराठीतील ‘खारे’ या एका विशेषणात लवणयुक्त (सलाइन) व क्षारीय (अल्कलाइन) हे दोन भिन्न गुण सामावतात. ‘अल्कली’ हा शब्द अरबी असून वनस्पतीच्या राखेशी निगडित आहे. समुद्राचे पाणी अतिशय लवणयुक्त, पण सौम्य क्षारीय असते. लोणारचे पाणी लवणयुक्त असून तीव्र क्षारीयही आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले, तेव्हा ‘हॅलोआर्किआ’ हा शब्द वृत्तपत्रांतून सर्वत्र पोहोचला. त्याचा उच्चार ‘हॅलोआर्चिया’ असा करणे चूक होय. ग्रीक शब्दांतील हा वर्ण इंग्रजीत ‘क’सारखा उच्चारतात. मीठ व प्राचीन या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ही संज्ञा बनली आहे. हे लवणप्रिय सूक्ष्मजीव गुलाबी रंगद्रव्य निर्माण करतात.

अशा संज्ञांना मराठी प्रतिशब्द योजताना उच्चारसाम्यापेक्षा अर्थाची अचूकता अधिक मोलाची ठरते. विवर, अशनी व क्षारीय हे प्रतिशब्द या कसोटीस उतरतात. मॅस्केलिनाइटसारखे व्यक्तिनामावरून आलेले शब्द मात्र शुद्ध उच्चारासह तसेच स्वीकारणे इष्ट होय.