कोमट पाण्याचा चटका

सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावर आमच्या भागात हळद पिकते. उन्हाळ्याच्या तोंडावर ती काढायची, शिजवायची, वाळवायची. गेल्या हंगामात हळद शिजवताना शेजारच्या खालांच्या हातावर वाफ आली. हात लाल होऊन सुजला. संध्याकाळी सुनेने वुजूसाठी कोमट पाणी दिलं, तर त्या ओरडल्याच, उकळतं पाणी आणलंस म्हणून. सुनेने त्याच पाण्यात आपला हात बुडवून दाखवला. सासूला वाटलं सून बेपर्वा आहे, सुनेला वाटलं सासू बहाणे करते. खरं तर दोघींचंही बरोबर होतं.

आपल्या त्वचेत मज्जातंतूंची टोकं असतात. त्यांतल्या काहींवर टीआरपीव्ही-१ नावाचं प्रथिन असतं. त्याला बंद दार समजा. साधारण ४३ अंश सेल्सिअसला ते उघडतं, कॅल्शियम आणि सोडियमचे कण आत शिरतात आणि ‘भाजतंय’ असा निरोप मेंदूकडे निघतो. मिरचीतलं कॅप्सेसिनही हेच दार उघडतं, म्हणून शिळा, गार ठेचाही तोंड भाजतो. अमेरिकेतले डेव्हिड ज्युलियस आणि त्यांचे सहकारी मिरचीच्याच मागावर राहून १९९७ साली या प्रथिनापर्यंत पोहोचले. २०२१ चं नोबेल ज्युलियस यांना आर्डेम पटापूटियन यांच्यासोबत मिळालं.

आता सूज आली की काय होतं? त्या जागी प्रोस्टाग्लँडिन, ब्रॅडिकायनिन अशी रसायनं तयार होतात. मज्जातंतूच्या त्याच टोकावर त्यांना ओळखणारे वेगळे ग्राही असतात. रसायन ग्राहीला चिकटलं की पेशीच्या आतली विकरं जागी होतात आणि टीआरपीव्ही-१ ला फॉस्फेट जोडतात. दाराची कडी सैल होते. मग ४३ अंश कशाला, अंगाच्या ३७ अंशांनाही ते उघडू शकतं. खालांना बसलेला चटका खराच होता. (भाजल्यावर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, बाकी काही नाही. टूथपेस्ट नको, आणि आपल्याकडे पिकत असली तरी हळदही नको.)

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या त्या दाराला हात लावत नाहीत, त्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणं रोखतात. ॲस्पिरिनचं हे काम जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. पण हेच प्रोस्टाग्लँडिन पोटाचं अस्तर सांभाळतं आणि गरज पडेल तेव्हा मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही टिकवतं.

हे मला उशिरा कळलं. माझी अम्मी गुडघ्यासाठी दुकानातून सुटी गोळी आणून सहा महिने रोज घेत होती. शुगर आणि बीपी आधीपासूनच. त्यात रमजानचे उपवास, दिवसभर पाणी नाही. पाय सुजले, तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं निघालं.

मग ते दारच बंद करणारं औषध का नाही? तेही करून पाहिलं गेलं. काही चाचण्यांत माणसांना ताप चढला, तर काहींत गरम वस्तू गरम लागेनाशी झाली.

अम्मीची ती गोळी डॉक्टरांनी बंद केली. गुडघा दुखतो तेव्हा ती अजून मागते. आता डबा माझ्या कपाटात असतो.