गुरांचा गाठींचा रोग व शेतकऱ्याचे कर्तव्य

ज्याच्या दावणीस बैल आहे त्यास त्याची किंमत सांगावयास नको. एक पीक बुडाले तर पुढील पिकाची आशा राहते. परंतु ऐन पेरणीच्या तोंडी बैल गेला, तर तो हंगाम जातोच आणि दुसऱ्या बैलाकरिता कर्जाचे दार ठोठवावे लागते. म्हणून गुरांच्या एका रोगाविषयी आमच्या शेतकरी बंधूंपुढे चार शब्द मांडण्याचे आम्ही योजिले आहे. ज्यास सर्वत्र ‘लंपी’ म्हणतात, तोच हा अंगावर गाठी उठण्याचा रोग होय. ह्या रोगाने जितके नुकसान होते त्याहून अधिक तो झाकून ठेवल्याने होते, असे आमचे मत झाले आहे. ते कसे झाले हे प्रथम सांगतो.

सन २०२२ च्या भाद्रपदातील गोष्ट. आमच्या गावी दोन शेतकरी सावडीने शेती करीत. एकाचा एक बैल व दुसऱ्याचा एक, अशी दोघांची मिळून जोडी. पोळा होऊन पंधरवडा लोटला असेल. रब्बी ज्वारीची पेरणी जवळ आली होती. पहिल्याच्या बैलास ताप भरला व मानेवर आणि पाठीवर सुपारीएवढ्या गाठी उठल्या. डॉक्टर आले तर बैल बांधून ठेवावयास लावतील व वाफसा निघून जाईल, ह्या भीतीने त्याने बैलाच्या पाठीवर गोणपाट टाकले आणि ताप उतरताच त्यास औतास जुंपले. त्या सकाळी बांधावरून जाताना आम्ही ते गोणपाट पाहिले व त्याखालच्या गाठीही पाहिल्या. ‘दवाखान्यात वर्दी द्या’ एवढे शब्द ओठांवर आले होते. पण शेजाऱ्याचा हंगाम आपल्या तोंडाने का बुडवावा, असे वाटून आम्ही तसेच पुढे गेलो.

दोन आठवड्यांच्या आत सावडीच्या दुसऱ्या बैलास गाठी उठल्या. त्याचे पाय सुजले, चारा सुटला, आणि नवव्या दिवशी बैल गेला. ज्याने रोग झाकला त्याचा बैल महिन्याभरात सुधारला. ज्याचा काही दोष नव्हता त्याचा मात्र गेला. गावभर बोभाटा होईल म्हणून त्यांनी तो रातोरात पुरला. वर्दी नाही, पंचनामा नाही, म्हणून मदतही नाही. आमची सारी नोकरी महसुली दप्तरात गेली. पंचनाम्याच्या कागदाचे मोल गावात आमच्याइतके कोणास ठाऊक होते? तरी आम्ही गप्प राहिलो. तो दोष आमचाही आहे, आणि त्याची काही फेड व्हावी म्हणून हा लेख.

रोगाचे मूळ.— हा रोग प्रथम १९२९ साली आफ्रिका खंडात, आज ज्यास झांबिया म्हणतात त्या देशात, दिसून आला. आरंभी लोकांस तो विषबाधेचा किंवा माशांच्या दंशाचा परिणाम वाटला. १९४० नंतरच्या दशकात तो दक्षिण आफ्रिकेत शिरला व तेथील सुमारे ८० लक्ष गुरांस झाला, तेव्हा तो सांसर्गिक आहे हे सिद्ध झाले. त्याचे कारण एक विषाणू आहे. विषाणू म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शक यंत्रातूनही न दिसणारा, जिवंत शरीराच्या पेशींतच वाढणारा अतिसूक्ष्म जीव. माणसांची देवी व शेळ्या-मेंढ्यांची देवी ज्या विषाणूंमुळे होते, त्यांच्याच कुळातील हा आहे. आपल्या देशात तो २०१९ साली ओडिशात प्रथम आढळला. २०२२ मध्ये गुजरात व राजस्थान ह्या प्रांतांत त्याने कहर केला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो जळगाव जिल्ह्यात उठला व तेथून महाराष्ट्रभर पसरला. त्या एका वर्षात देशातील एक लाखाहून अधिक गुरे मेली.

लक्षणे.— प्रथम १०४ ते १०६ अंश फॅरनहाइटपर्यंत ताप चढतो, डोळ्यांतून व नाकातून पाणी गळते, दूध एकाएकी उतरते. मग मान, पाठ, पाय, कास इत्यादी ठिकाणी कातडीत टणक, वाटोळ्या गाठी उठतात. त्या अर्ध्या सेंटिमीटरपासून पाच सेंटिमीटरपर्यंत रुंद असतात. पाय व मानेखालील पोळी सुजते. पुढे गाठी फुटून व्रण होतात व त्यांत किडे पडण्याचे भय असते. गाभण गाय गाभडते. रोग झालेल्या शंभर गुरांत बहुधा एक ते पाच मरतात, क्वचित त्याहून अधिक. म्हैशीपेक्षा गाईबैलांस हा रोग अधिक होतो. माणसास तो होत नाही. दूध नेहमीप्रमाणे उकळून प्यावे. भयाने ते ओतून देण्याचे कारण नाही.

रोग कसा पसरतो.— चावणाऱ्या माशा, डास व गोचीड ही ह्या रोगाची मुख्य वाहने होत. माशी आजारी बैलास चावते, तेथून उठून शेजारच्या बैलावर बसते आणि आपल्या तोंडास लागलेला विषाणू त्याच्या अंगात सोडते. एका जुवास दोन बैल दिवसभर जवळ राहिले, तर माशीस दूर जावेच लागत नाही. आमच्या गावी हेच घडले. लाळ, नाकातील स्राव व सामाईक हौद ह्यांपासूनही संसर्ग पोहोचू शकतो. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही दिवस, कधी चार आठवडेही, जातात. म्हणून बाजारातून आणलेले जनावर धडधाकट दिसले तरी २८ दिवस वेगळे बांधावे. वाळलेल्या खपल्यांत विषाणू महिन्याहून अधिक टिकतो. ताप उतरला म्हणजे रोग गेला असे नव्हे.

उपाय.— गाठ दिसताच जनावर निराळ्या ठिकाणी बांधावे. त्याचे दावे, पाण्याचे भांडे व वैरण वेगळी ठेवावी. शक्य तर त्याची देखभाल एकाच माणसाने करावी, व निरोगी जनावरांचे काम आधी उरकून मग आजाऱ्याकडे जावे. गोठ्यातील ओले शेण व कुजका पालापाचोळा रोज दूर टाकावा, कारण चावणाऱ्या माशा तेथेच अंडी घालतात. सायंकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करावा, आणि गोचिडांवर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध लावावे. ह्या विषाणूस मारणारे खास औषध नाही. डॉक्टर देतात ती औषधे तापाकरिता व जखमा चिघळू नयेत म्हणून असतात, परंतु त्यांनीच पुष्कळ जनावरे तगतात. मऊ हिरवा चारा, स्वच्छ पाणी व सावली ही सेवा आपल्या हातची आहे. जनावर मेलेच, तर त्याचे कातडे काढू नये. खोल खड्ड्यात चुना घालून ते पुरावे.

लस.— शेळ्यांच्या देवीचा विषाणू ह्या विषाणूचा सख्खा भाऊ म्हणावा असा असल्यामुळे ती लस गाईबैलांस टोचून २०२२ मध्ये ह्या रोगास पुष्कळ आळा घातला गेला. त्याच वर्षी १० ऑगस्ट रोजी, हिस्सार व इज्जतनगर येथील सरकारी संशोधन संस्थांनी खास ह्याच रोगावर तयार केलेली देशी लस जाहीर झाली. लस निरोगी जनावरासच टोचावी व प्रत्येक जनावरास सुई निराळी घ्यावी. एकच सुई सर्व दावणीस फिरविली, तर माशीचे काम आपणच केले असे होईल. टोचल्यापासून पुरती शक्ती येण्यास सुमारे तीन आठवडे लागतात; त्या अवधीत गाठी उठल्या तर लोक लसीस बोल लावतात, तो व्यर्थ होय. रोग गावाच्या शिवेवर येण्याची वाट न पाहता टोचून घेणे हेच शहाणपण.

वर्दी व पंचनामा.— गुरांच्या सांसर्गिक रोगांविषयी २००९ साली केंद्राचा कायदा झाला आहे. आपल्या जनावरास असा रोग असल्याचा संशय येताच ग्रामपंचायतीस किंवा गावच्या अधिकाऱ्यास वर्दी देणे व जनावर वेगळे ठेवणे हे मालकाचे कर्तव्य त्यात सांगितले आहे. हे ओझे समजू नये. वर्दी गेली म्हणजे भोवतालच्या पाच किलोमीटरांतील गुरांस लस टोचता येते. शिवाय २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने ह्या रोगाने मेलेल्या दुभत्या गाईस ३०,००० रुपये, ओढकाम करणाऱ्या बैलास २५,००० रुपये व वासरास १६,००० रुपये असे साहाय्य दिले. ते मिळण्यास मृत्यूची नोंद व पंचनामा लागे. म्हणून जनावराच्या कानातील बिल्ल्याचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा, डॉक्टरांच्या उपचाराचा कागद जपावा, आणि पंचनामा झाल्याशिवाय मेलेले जनावर पुरू नये. आमच्या सावडकऱ्याचा बैल पुरलेली जागा आजही दाखविता येते. परंतु कागदावाचून तो बैल कधी होता हेही सिद्ध करणे कठीण.

वडीलधाऱ्या वाचकांस माणसांच्या देवीची साथ आठवत असेल. घरात देवी आल्या म्हणजे लोक रोगी लपवीत. पुढे शासनाने रोगी दाखविणाऱ्यास बक्षीस लाविले, गावोगाव घरे तपासली, आणि जेथे रोगी सापडला तेथे भोवतालच्या सर्वांस टोचले. हिंदुस्थानातील अखेरचा देवीचा रोगी १९७५ साली आढळला, आणि १९८० साली जगातून तो रोग नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. लस तर पूर्वीही होती. परंतु रोगी उघड दाखविण्याची रीत पडली, तेव्हाच ती लस जेथे हवी तेथे पोहोचू लागली.

गुरांच्या ह्या रोगातही तीच गोष्ट आहे. ज्या शेतकऱ्याच्या बैलास गाठ उठली तो गुन्हेगार नव्हे. त्याची पेरणी अडू नये म्हणून गावाने आपले औत त्यास द्यावे. पेरणी चुकण्याची भीती गेली, म्हणजे कोणी गोणपाट टाकून रोग झाकणार नाही. आणि बांधावरून जाणाऱ्या आमच्यासारख्याने पाहूनही गप्प बसू नये, इतकेच आमचे सांगणे आहे.